लेबलावरचं नाव वळवताना

आज लेबलाबद्दल बोलू. कोकमाचं आगळ असो, आंबापोळी असो की कुळथाचं पीठ, गिऱ्हाईक आधी लेबल बघतं, चव नंतर. त्यामुळे गटाचं नाव कमानीसारखं गोल हवं, अशी हौस सगळ्यांनाच असते. छापखान्यात हे काम बरेचदा कोरलड्रॉवर होतं. इंकस्केप नावाचं तसंच सॉफ्टवेअर फुकट मिळतं, कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुली ते सहज शिकतील.

फोटो बारीक चौकोनांचा बनलेला असतो, मोठा केला की धूसर होतो. या सॉफ्टवेअरमधलं चित्र मात्र बिंदू आणि रेषांचं. बिंदू सरकवला की रेषा मागोमाग वळते, आणि कितीही मोठं केलं तरी कडा स्वच्छ राहते. पण ताणताना कोपऱ्यातून ताणायचं, इंकस्केपमध्ये कंट्रोलचं बटण दाबून धरायचं. बाजूने ओढलंत तर हापूसचा तोतापुरी होतो!

आता खरी गोम. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, ती वळणावर एकेक करून बसवली तरी चालतात. आपल्या अक्षरांना शिरोरेषा आहे. ती वळणावर तशीच बसवली, तर प्रत्येक अक्षर वेगळं कलतं आणि शिरोरेषा पायरीपायरीने तुटते. म्हणून आधी नावाचं चित्र करून घ्यायचं. इंकस्केपमध्ये त्याला ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ म्हणतात, कोरलमध्ये ‘कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज’. मग ‘अनग्रुप’ करायचं (घाबरू नका, आपला गट नव्हे!) आणि सगळी अक्षरं ‘युनियन’ने एकजीव करायची. त्यानंतर इंकस्केपमधला ‘बेंड’ किंवा कोरलमधला ‘एन्व्हलप’ वापरला की अख्खी शिरोरेषा एकसंध वळते. एक लक्षात ठेवा, चित्र झालेल्या नावातली वेलांटी नंतर टाईप करून दुरुस्त होत नाही. शुद्धलेखन आधी तपासा, टाईप केलेली मूळ प्रत वेगळी ठेवा.

निमुळत्या डब्याला सरळ पट्टी बसत नाही, तिरकी चढते. डब्याला कागद गुंडाळा, वरखाली कापा, उलगडा. छत्री घागऱ्याच्या कळीसारखा बाक दिसेल. तोच बाक लेबलाला द्यायचा.

सगळंच मात्र वळवायचं नाही. बारकोड, क्यूआर कोड वाकवला तर मोबाईल वाचेलच असं नाही. शाकाहाराचा हिरवा ठिपका चौकोनातच गोल राहायला हवा. वजन, किंमत जागेत बसावी म्हणून दाबून चिंचोळी करायची सवय तर फारच वाईट. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांत अक्षराची रुंदी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी चालत नाही. जागा कमी पडली तर नक्षी काढा, वजन नको.

हजार लेबलं चुकली की पैसे गटाच्या खात्यातूनच जातात. तेव्हा आधी साध्या कागदावर एकच प्रत काढून भरलेल्या बाटलीवर चिकटवा आणि चार हातांवरून बघा. डिझाईन करणाऱ्याकडून व्हॉट्सॲपवरचा फोटो घेऊन गप्प बसू नका. कोरलची किंवा इंकस्केपची मूळ फाईलही मागून पेनड्राइव्हवर घ्या. पुढच्या हंगामात किंमत बदलली की तीच लागेल.