गिरणगावाने पाहिलेले एजंट

दिलेले उद्दिष्ट गाठण्यासाठी स्वतः निर्णय घेऊन ते स्वतःच अमलात आणणारी संगणकप्रणाली म्हणजे 'एआय एजंट'. प्रश्नाचे उत्तर देऊन थांबणाऱ्या प्रणालीहून ती निराळी. 'पुढल्या महिन्याचा खर्च कमी कर' एवढे सांगितले, की दरपत्रके मागवणे, घासाघीस करणे, ऑर्डर देणे, पैसे चुकते करणे ही कामे ती एकामागून एक, दर वेळी परवानगी न मागता करीत जाते. असे लक्षावधी एजंट वावरणारा समाज कसा असेल, या कल्पनेसरशी अनेकांना कारेल चापेकच्या १९२० सालच्या नाटकातले बंडखोर यंत्रमानव आठवतात. 'रोबो' हा शब्द त्याच नाटकाने जगाला दिला. मुंबईकराला मात्र इतके दूर जाण्याचे कारण नाही. या शहरातल्या कापडगिरण्यांचा कारभार शंभराहून अधिक वर्षे 'एजंट'च पाहत होते. ती हाडामांसाची माणसे होती, एवढाच फरक.

कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, भायखळा या भागांत गिरण्यांची धुराडी उभी राहिली, तेव्हा भांडवल भागधारकांचे आणि कारभार 'मॅनेजिंग एजंट' पेढीचा, ही पद्धत रूढ झाली. कापूस केव्हा व किती घ्यायचा, माल कोणाला विकायचा, यंत्रे कोठून आणायची, हे सारे पेढी ठरवी. सुरुवातीच्या अनेक गिरण्यांत तिचा मोबदला नफ्यावर नव्हे, तर उत्पादनावर, दर पौंडामागे पाव आणा असा ठरलेला असे. साहजिकच गिरणी तोट्यात असली तरी माल निघत राहिला, की एजंटाचे कमिशन चालू राही. भागधारकाला हवा होता नफा आणि करारात मोजले जात होते वजन. यात कोणी लबाडी केलीच पाहिजे असे नव्हते; लिहून दिलेले काम चोख बजावले तरी नुकसान ठरलेले होते.

एआय एजंटांविषयी आज संशोधकांना वाटणारी मुख्य धास्ती नेमकी हीच आहे. यंत्र बंड करील ही भीती दुय्यम. मनात एक असताना आपण यंत्राला मोजायला भलतेच देऊ आणि ते तेच इमानाने वाढवीत नेईल, हा धोका अधिक जवळचा आहे. गिरण्यांच्या बाबतीत तो कायद्याने आवरायला फार काळ लागला. १९३६ च्या कंपनी कायदा दुरुस्तीने एजंटाचा मोबदला निव्वळ नफ्याशी जोडला आणि त्याच्या नेमणुकीला वीस वर्षांची मर्यादा घातली. ही पद्धत संपूर्ण रद्द झाली ती १९७० साली.

कामगाराला मात्र ही पेढी कधी दिसत नसे. त्याच्यापुरता एजंट म्हणजे जॉबर, म्हणजेच मुकादम. स्त्रियांच्या खात्यात नायकीण. कोकणातून, घाटावरून आलेल्या गाववाल्याला कामावर लावणे, बदलीवाल्यांतून रोज कोणाला आत घ्यायचे हे ठरवणे, खोली मिळवून देणे, प्रसंगी कर्ज देणे, आणि या सगळ्याची दस्तुरी घेणे, हे त्याचे राज्य. जुलूम होता हे खरेच. पण अडीनडीला ज्याचे दार ठोठवावे असा माणूसही तोच होता. व्हिटली आयोगाने १९३१ मध्ये जॉबरच्या या अधिकारावर टीका करून कामगार अधिकारी नेमण्याची शिफारस केली. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांच्या नोंदणीची योजना आणली. त्यामागचा एक हेतू जॉबरच्या हातातली ही निवड काढून घेण्याचा होता. उद्या रोजंदारीवर कोणाला घ्यायचे हे संगणकातला एजंट ठरवू लागला, तर दस्तुरी बहुधा जाईल. परंतु नाव का वगळले हे विचारायला समोर कोणी नसेल.

दुसरी आठवण १९२८ ची. एका विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, या मालकांच्या योजनेविरुद्धचा रोष त्या वर्षीच्या सार्वत्रिक संपामागच्या प्रमुख कारणांपैकी एक होता. सुमारे दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बाहेर होते. वाढलेल्या उत्पादनातला वाटा कोणाचा, आणि तिसरा माग सांभाळताना ज्याची जागा गेली त्याचे काय, असा तो वाद होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. लोअर परळला त्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले. हिशेब, जाहिरात, ग्राहकसेवा, कायदेशीर मसुदे हे आज त्या मनोऱ्यांत चालणारे काम एजंटांच्या सर्वांत सहज आवाक्यातले आहे. तिथल्या कर्मचाऱ्याला उद्या बहुधा 'तुझी गरज नाही' असे सांगितले जाणार नाही. 'आता हे दहा एजंट तू सांभाळ' असे सांगितले जाईल. माग बदलले, हिशेब तोच.

स्वायत्त प्रणालींच्या हाती व्यवहार सोपवण्याचा एक जुना अनुभव आपल्याकडे आहे तो शेअर बाजाराचा. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या पेढीच्या प्रणालीत विसरून राहिलेला जुना संगणकीय भाग जागा झाला आणि पाऊण तासात पेढीचे सुमारे ४४ कोटी डॉलर बुडाले. आपल्याकडे सेबीने त्याच वर्षी अशा व्यवहारांसाठी नियम केले. किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गो व्यवहारांसाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये काढलेल्या परिपत्रकात प्रत्येक ऑर्डरला बाजाराने दिलेला ओळखक्रमांक असावा, अशी अट घातली. चूक झाल्यावर ती कोणत्या प्रणालीची, हे शोधता यावे म्हणून.

आता दादरच्या एखाद्या गृहनिर्माण सोसायटीची कल्पना करू. सेक्रेटरी वयस्कर आहेत, कमिटीवर यायला कोणी तयार नाही (हे मात्र कल्पनेतले नव्हे), म्हणून कारभार एजंटाकडे दिला. उद्दिष्ट एकच : मेंटेनन्स वाढता कामा नये. टँकरवाल्याच्या एजंटाशी तो रात्री दोन वाजता भाव ठरवतो, लिफ्टच्या देखभालीचे कंत्राट स्वस्तातल्या कंपनीकडे वळवतो आणि महिनाअखेरीस वीस वर्षांच्या जुन्या वॉचमनच्या जागी कॅमेरे बसवण्याची ऑर्डर देऊन टाकतो. सकाळी सेक्रेटरींना मोबाइलवर झालेली बचत दिसते. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, २००० सालचे, अकरावे कलम अशा वेळी स्पष्ट आहे. आपोआप चालण्यासाठी एखाद्याने वा त्याच्या वतीने आखलेल्या प्रणालीने पाठवलेला संदेश, त्यानेच पाठवला असे धरले जाते. एजंटावर दावा लावता येत नाही, कारण कायद्याच्या लेखी तो व्यक्तीच नाही. वॉचमन आपले म्हणणे घेऊन गेला, तर त्याला जावे लागेल ते तिसऱ्या मजल्यावर, सेक्रेटरींच्या दारात. आणि ते म्हणतील, ''अहो, मी कुठे काढलं तुम्हाला?''