शेपटीजवळचा काप

होनोलुलूच्या ३८ क्रमांकाच्या धक्क्यावर पहाटे साडेपाचला मासळीचा लिलाव सुरू होतो. बोटी त्याआधीच, मध्यरात्र उलटल्यापासून रिकाम्या व्हायला लागतात. आतला हॉल इतका गार की त्या उष्ण बेटावरही माणसं जाड जाकिटं घालून वावरत असतात. प्रत्येक माशाचं वजन होतं, अंगावर चिठ्ठी लागते आणि तो बर्फात ओळीने मांडला जातो. आही, म्हणजे मोठा टुना, असेल तर शेपटीजवळ खाच घेऊन तिथल्या मांसाचा काप वर काढून ठेवतात. खरेदीदार त्यावर टॉर्च मारतो, लाली किती, पारदर्शकपणा किती ते बघतो, एक कण दोन बोटांत चोळून चरबीचा अंदाज घेतो. काही सेकंदांत निकाल. १९५२ पासून चालत आलेल्या या लिलावात बोली ढिगावर लागत नाही, एकेका माशावर लागते. शेजारीशेजारी पडलेल्या, डोळ्यांना सारख्याच दिसणाऱ्या दोन आहींचे भाव अगदी वेगळे निघतात ते त्या कापामुळे.

हवाईतल्या चांगल्या रेस्टॉरंटचं काम इथूनच सुरू होतं. काय मिळालं ते सकाळी कळतं, आणि ‘आजची मासळी’ हा मेन्यूतला भाग त्यानंतर ठरतो. आम्ही जेवलो तिथे मेन्यूचा कागद रोज नवा छापतात. वर त्या दिवसाची तारीख होती.

हवाईयन फ्यूजन म्हटलं की बाहेरच्या माणसाला अननस आणि कागदी छत्री लावलेली पेयं आठवतात. एके काळी वाइकिकीच्या बड्या हॉटेलांत मिळायचं ते युरोपीय धाटणीचं जेवण. बरंचसं सामान मुख्य भूमीवरून गोठवून यायचं, आणि दारातल्या समुद्रातली मासळी खायची तर स्थानिकांच्या खाणावळी गाठाव्या लागत. १९८८ मध्ये रॉय यामागुची यांनी होनोलुलूच्या हवाई काई भागात आपलं रेस्टॉरंट काढलं. १९९१ मध्ये ते, ॲलन वाँग, सॅम चॉय, पीटर मेरिमन अशा बारा शेफनी एकत्र येऊन ठरवलं की बेटांवर पिकतं आणि बेटांभोवती सापडतं ते शिजवायचं. शेतकऱ्यांशी, मच्छीमारांशी थेट बोलणी सुरू झाली. आजचं महागडं हवाईयन जेवण या बैठकीतून आलं असं सांगतात, आणि ते बरोबर आहे.

पण चवींची सरमिसळ त्या बारा जणांनी केलेली नाही. ती उसाच्या मळ्यांत झाली. चिनी मजूर १८५२ पासून आले, पोर्तुगीज १८७८ पासून, जपानी मोठ्या संख्येने १८८५ पासून, कोरियन १९०३ मध्ये, फिलिपिनो १९०६ मध्ये. दुपारी शेतात डबे उघडत आणि एकाचं कालवण दुसऱ्याच्या भातावर जाई. मदेरा आणि अझोर्स बेटांवरच्या पोर्तुगीजांनी व्हिनेगर-लसणात मुरवलेलं डुकराचं मांस इथे आणलं. पोर्तुगिजांचा हाच पदार्थ गोव्यात मिरची-मसाले घेऊन विंदालू झाला. हवाईत तो जवळपास मूळ रूपात राहिला आणि पोर्तुगीज वंशाच्या घरांत नाताळला अजून होतो. या थाळीचे खरे कर्ते मजूर आहेत, हे कुठल्याही शेफच्या कौतुकाआधी सांगायला हवं.

आमची जागा उघड्या स्वयंपाकघरासमोरच्या कट्ट्यावर होती. अशा ठिकाणी तीच मागून घ्यावी. मध्ये उभा असलेला एक जण ऑर्डर पुकारत होता आणि आतून चार-पाच आवाज एकदम होकार देत होते. भांड्यांची आदळआपट जवळजवळ नव्हतीच.

पहिली आली पोके. कच्च्या आहीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, खडं मीठ, लिमू नावाचं समुद्रशेवाळ आणि इनामोना, म्हणजे कुकुईच्या बिया भाजून, कुटून केलेली भरड. सोया सॉस आणि तिळाचं तेल ही नंतरची भर आहे; इथे ती अगदी थेंबाने होती. कुकुईचा तेलकट खरपूसपणा आणि शेवाळाचा करकरीत खारेपणा, त्यात आही थंड आणि लुसलुशीत. हीच पोके होनोलुलूच्या साध्या किराणा दुकानात वजनावर मिळते आणि लोक ती डब्यात घेऊन समुद्रावर जाऊन खातात. रेस्टॉरंटमध्ये वाढीव पैसे पडतात ते त्या पहाटेच्या कापाचे.

हा आही दूरवर जाणाऱ्या, लांब दोरीला हजारो गळ लावणाऱ्या बोटी पकडतात. त्यांवरची माणसं बहुतेक इंडोनेशिया, फिलिपिन्स, व्हिएतनाम, किरिबाटीची. त्यांच्याकडे अमेरिकेत प्रवेशाचा व्हिसा नसतो, म्हणून बोट धक्क्याला लागली तरी त्यांना शहरात पाऊल टाकता येत नाही. असोसिएटेड प्रेसने २०१६ मध्ये हे उघडकीला आणलं. अशी सुमारे ७०० माणसं तेव्हा या बोटींवर होती आणि काहींना तासाला जेमतेम ७० सेंट पडत होते. त्यानंतर करारांविषयी बरंच बोललं गेलं. मला हा घास त्या माहितीसकटच खावा लागला, आणि मेन्यूवर बेटाचं नाव अभिमानाने छापणाऱ्यांनी पकडणाऱ्यांबद्दलही दोन ओळी छापाव्यात असं मनापासून वाटतं.

मग लुआउ. अळूची पानं नारळाच्या दुधात तासन् तास शिजवून त्यात ऑक्टोपसचे मऊ तुकडे. आपलाच अळू, तीच वनस्पती. पानं कच्ची राहिली तर घसा खवखवतो, हेही तिथल्या आज्यांना आपल्या आज्यांइतकंच पक्कं ठाऊक. हवाईच्या मूळ रहिवाशांच्या परंपरेत अळू हा माणसाचा थोरला भाऊ. एवढ्याशा वाटीत, चमच्याच्या तीन घासांत तो वाढलेला पाहून मला वाईट वाटलं. हा पदार्थ वाडगाभर हवा.

मिसोयाकी बटरफिश हा इथला सर्वांचा लाडका. गंमत अशी की हा मासा हवाईच्या पाण्यातला नाहीच. तो अलास्काकडच्या थंड समुद्रातला काळा कॉड. मिसो, साके, मिरिन आणि साखरेच्या मिश्रणात तुकडी दोन-तीन दिवस मुरते. कट्ट्यापलीकडचा मुलगा प्रत्येक तुकडी निगुतीने पुसून मगच जाळाखाली सरकवत होता, कारण अंगावर राहिलेलं मिश्रण मासा शिजायच्या आत करपतं. मुळातच भरपूर चरबी, त्यामुळे काटा लावताच पाकळ्या सुटतात. वर फक्त गडद, गोड-खारट साय धरलेली.

खरा ऐवज ओपाकापाका. हा गुलाबी स्नॅपर शंभराहून अधिक मीटर खोल पाण्यात गळ टाकून पकडतात. मुख्य बेटांभोवती अशा खोल पाण्यातल्या सात जातींना मिळून वर्षाची मर्यादा आखलेली असते. ती भरली की मासेमारी बंद. तुकडी चिनी पद्धतीने नुसती वाफवली होती. स्वयंपाकी झाकण काढून एक बारीक धातूची सुई माशाच्या जाड भागात खुपसायचा, क्षणभर थांबायचा आणि ती खालच्या ओठाला लावायचा. सुई कोमट लागली की मासा झाला. घड्याळाकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. मग वर आल्याचे आणि कांद्याच्या पातीचे केसासारखे काप, थोडा सोया, आणि शेवटी धुरावलेलं शेंगदाण्याचं तेल पळीने ओतलं. चर्र आवाज झाला आणि वास आमच्यापर्यंत आला. वरून घातलेली फोडणीच ती. मांस पांढरंशुभ्र, रसाळ, जेमतेम शिजलेलं.

त्याच जागी मॅकाडेमियाच्या दाण्यांचं आवरण घातलेला माहीमाही लॉब्स्टर सॉसवर ठेवून येत होता आणि टेबलांवर भराभर खपत होता. आम्हीही चाखला. दाणे चविष्ट, सॉस रेशमी, पण मासा कुठला हे डोळे मिटून सांगता आलं नसतं. लिलावात एवढ्या बारकाईने निवडलेली मासळी लोण्याखाली झाकणं मला पटत नाही. फ्रेंच सॉसमध्ये सोया मिसळण्यात काही वावगं नाही. यामागुचींच्या आहीखालचा सोया-मोहरी-लोण्याचा सॉस प्रसिद्ध आहे, आणि तो शोभतो कारण आहीचं लाल, दाट मांस त्याला तोंड देतं. ओपाकापाकाला तेवढा जोर सोसत नाही.

पन्नास डॉलरच्या आसपासची ओपाकापाकाची ती तुकडी संपली तेव्हा थाळीत सोया, आलं आणि माशाचा रस उरला होता. चांदीचे काटे-चमचे मांडलेल्या अशा ठिकाणी भात मागायचा संकोच वाटत होता. वेटरने तो न मागताच आणला, छोट्या वाटीत, चिकट आणि वाफाळता. म्हणाला, “हा रस कोणी परत पाठवत नाही.” आम्ही भात त्यातच कालवला.