महिला कंपाउंड तिरंदाजी

महिला कंपाउंड तिरंदाजी हा कप्पीच्या धनुष्याने खेळला जाणारा आंतरराष्ट्रीय तिरंदाजीतील एक प्रकार आहे. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा, विश्वचषक मालिका आणि आशियाई खेळ या स्पर्धांत तो खेळला जातो. वैयक्तिक सामन्यात प्रत्येक खेळाडू ५० मीटर अंतरावरून १५ बाण मारते व त्यांच्या एकूण गुणांवर निकाल ठरतो. सर्वोच्च पातळीवर बहुतेक बाण दहा गुणांच्या वर्तुळातच लागतात. त्यामुळे अनेकदा एक-दोन गुणांच्या फरकाने विजेतेपद निश्चित होते. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिन येथे साताऱ्याची आदिती गोपीचंद स्वामी हिने या प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळवले. तिरंदाजीच्या ज्येष्ठ गटात वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय खेळाडू ठरली.

धनुष्य व साधने

आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मुख्यतः दोन प्रकारची धनुष्ये वापरली जातात. टोकांशी बाहेरच्या बाजूस वळलेल्या धनुष्यास रिकर्व्ह, तर टोकांवर चाके (कॅम) बसवलेल्या धनुष्यास कंपाउंड धनुष्य म्हणतात. कंपाउंड धनुष्याचा शोध अमेरिकेतील हॉलेस विल्बर ॲलन यांनी १९६० च्या दशकात लावला. त्याचे एकस्व (पेटंट) त्यांना १९६९ मध्ये मिळाले.

कंपाउंड धनुष्याची प्रत्यंचा ओढताना सुरुवातीला पूर्ण ताण जाणवतो. चाके फिरून प्रत्यंचा शेवटपर्यंत मागे आली की हा ताण एकदम कमी होतो आणि हातावर त्याचा लहानसा अंशच उरतो. रिकर्व्ह धनुष्यात याच्या उलट घडते. तेथे प्रत्यंचा जितकी मागे न्यावी तितका ताण वाढतो. याखेरीज कंपाउंड धनुष्याच्या दर्शकात (साइट) भिंग व धनुष्य तिरके झाले आहे का हे दाखवणारी बुडबुड्याची पातळी बसवता येते. प्रत्यंचा बोटांनी न सोडता हातातील यांत्रिक साधनाने सोडली जाते. या सर्व सोयींमुळे नेम अधिक काटेकोर होतो. मात्र प्रतिस्पर्ध्याकडेही तीच साधने असल्याने स्पर्धा सोपी होत नाही. चुकीला मिळणारी सवलत तेवढी कमी होते.

अंतर, लक्ष्यपट व गुणांकन

कंपाउंड प्रकारात ५० मीटर अंतरावर ८० सेंटिमीटर आकारमानाचा लक्ष्यपट वापरतात. या लक्ष्यपटावर पाच ते दहा गुणांची सहाच वर्तुळे छापलेली असतात. त्यांबाहेर लागलेल्या बाणास गुण मिळत नाही. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ८ सेंटिमीटर असतो. बाणाचा स्पर्श दोन वर्तुळांमधील रेषेस झाल्यास अधिक मूल्याच्या वर्तुळाचे गुण धरले जातात.

रिकर्व्ह प्रकारात अंतर ७० मीटर, लक्ष्यपट १२२ सेंटिमीटर व दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १२.२ सेंटिमीटर असतो. अंतर व व्यास यांचे गुणोत्तर पाहता, नेमबाजीच्या रेषेवरून कंपाउंडचे वर्तुळ रिकर्व्हच्या वर्तुळापेक्षा किंचित लहानच दिसते. कंपाउंडचे लक्ष्य जवळ असल्याने ते सोपे असावे, हा समज त्यामुळे पूर्णपणे बरोबर ठरत नाही.

सामन्याचे स्वरूप

स्पर्धेची सुरुवात पात्रता फेरीने होते. तीत प्रत्येक खेळाडू ७२ बाण मारते व कमाल ७२० गुण मिळू शकतात. या गुणांवरून मानांकन ठरते आणि पुढे बाद फेऱ्या होतात.

वैयक्तिक सामन्यात तीन बाणांची एक फैर, अशा पाच फैरी होतात. कमाल गुण १५० असतात. पदकांच्या सामन्यांत दोन्ही खेळाडू आळीपाळीने एकेक बाण मारतात आणि प्रत्येक बाणासाठी २० सेकंद मिळतात. एकूण गुणांत मागे असलेली खेळाडू पुढच्या फैरीत प्रथम बाण मारते. पंधरा बाणांनंतर गुण समान राहिल्यास प्रत्येकी एका बाणाचा निर्णायक शूट-ऑफ होतो. त्यातही गुण समान असल्यास केंद्राच्या अधिक जवळ लागलेला बाण विजयी ठरतो.

सांघिक सामन्यात तीन खेळाडूंचा संघ असतो. प्रत्येक फैरीत संघ सहा बाण मारतो व त्यासाठी दोन मिनिटे मिळतात. अशा चार फैरींत कमाल २४० गुण मिळू शकतात.

रिकर्व्ह प्रकारातील वैयक्तिक सामना सेट पद्धतीने खेळला जातो. तीन बाणांचा सेट जिंकल्यास दोन गुण, बरोबरी झाल्यास एक गुण मिळतो व सहा सेट-गुण प्रथम मिळवणारी खेळाडू विजयी होते. या पद्धतीत एखादा बाण वाईट गेल्यास फार तर एक सेट गमावला जातो, पुढचा सेट पुन्हा शून्यापासून सुरू होतो. कंपाउंडमध्ये गमावलेला गुण शेवटपर्यंत हिशेबात राहतो. तो भरून काढण्यासाठी प्रतिस्पर्ध्याचीही चूक व्हावी लागते.

सामना पाहताना

मिळवलेल्या गुणांऐवजी गमावलेले गुण मोजल्यास कंपाउंड सामना समजणे सोपे जाते. एका फैरीत ३० गुण शक्य असतात. तीन फैरींनंतर फलकावर ८९ दिसल्यास नऊ बाणांत एकच बाण नऊच्या वर्तुळात गेला, असा त्याचा अर्थ होतो. १४९ ही एकूण संख्या १४ वेळा दहा व एकदा नऊ, एवढ्या एकाच प्रकारे तयार होऊ शकते.

बाण सुटण्यापूर्वीचा अवधीही लक्ष देण्याजोगा असतो. कंपाउंड खेळाडू कमी झालेल्या ताणामुळे नेम धरून काही काळ स्थिर राहू शकते. नेम मनासारखा न जमल्यास अनुभवी खेळाडू प्रत्यंचा सावकाश पुढे आणून पुन्हा सुरुवात करते. २० सेकंदांच्या मर्यादेत हा निर्णय घ्यावा लागत असल्याने त्यात धोका असतो. वारा असल्यास खेळाडूला नेम केंद्राच्या किंचित बाजूला धरावा लागतो किंवा झुळूक ओसरण्याची वाट पाहावी लागते.

खेळाडूंच्या शांत चेहऱ्यामागील ताण टोकियो ऑलिंपिकच्या प्रक्षेपणात आकड्यांत दिसला. त्या स्पर्धेत तिरंदाजांच्या हृदयाचे ठोके पडद्यावर दाखवण्यात आले होते. महिला रिकर्व्ह वैयक्तिक अंतिम सामन्यातील शूट-ऑफच्या वेळी दक्षिण कोरियाच्या आन सान हिच्या हृदयाची गती मिनिटाला ११८, तर प्रतिस्पर्धी येलेना ओसिपोवा हिची १६७ असल्याचे दिसले. आन सान हिने दहा गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले.

बर्लिन २०२३

कंपाउंड प्रकाराचा जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत १९९५ पासून समावेश आहे. भारतीय महिलांच्या रिकर्व्ह संघाने २०११ (तुरिन) व २०१५ (कोपनहेगन) या वर्षी जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवले होते. मात्र २०२३ पर्यंत कोणत्याही प्रकारात भारतास सुवर्णपदक मिळाले नव्हते.

४ ऑगस्ट २०२३ रोजी ज्योती सुरेखा वेन्नम, आदिती स्वामी व परनीत कौर यांच्या भारतीय संघाने महिला कंपाउंड सांघिक अंतिम सामन्यात मेक्सिकोचा २३५–२२९ असा पराभव केला. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील हे भारताचे पहिले सुवर्णपदक होय. २४ बाणांत भारताने पाच, तर मेक्सिकोने अकरा गुण गमावले.

दुसऱ्या दिवशी वैयक्तिक उपांत्य सामन्यात आदिती व ज्योती या संघसहकारी समोरासमोर आल्या. आदितीने हा सामना १४९–१४५ असा जिंकला. अंतिम सामन्यात तिने मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेर्रा हिला १४९–१४७ असे हरवले. या दोन सामन्यांत मिळून तिने मारलेल्या ३० बाणांपैकी २८ बाण दहाच्या वर्तुळात व दोन नऊच्या वर्तुळात लागले. बेसेर्राने अंतिम सामन्यात पंधरा बाणांत केवळ तीन गुण गमावले होते, तरीही ती पराभूत झाली.

ज्योती वेन्नम हिने कांस्यपदकाच्या सामन्यात तुर्कस्तानच्या इपेक तोमरुक हिच्याविरुद्ध १५० पैकी १५० गुण मिळवले. त्याच दिवशी सुवर्णपदकाच्या सामन्यात १४९ गुण पुरेसे ठरले होते. बाद पद्धतीत एकूण कामगिरीइतकेच ती कोणत्या सामन्यात साधली गेली यालाही महत्त्व असते, हे या निकालांवरून स्पष्ट होते. पुरुष गटात नागपूरच्या ओजस देवतळे याने १५०–१४९ अशा गुणांनी विजेतेपद मिळवले. त्यामुळे दोन्ही वैयक्तिक कंपाउंड विजेतेपदे महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे आली.

आदिती स्वामीची जडणघडण

आदितीचा जन्म १५ जून २००६ रोजी झाला. तिचे वडील गणिताचे शिक्षक आहेत. मुलीच्या खेळासाठी कुटुंब शेरेवाडी या गावाहून सातारा शहरात राहायला आले. तेथे प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्याकडे तिने तिरंदाजीचे धडे घेतले. त्यांचे प्रशिक्षण केंद्र उसाच्या शेतात उभारलेले असून मोठ्या क्रीडासंकुलातील सुविधा तेथे नव्हत्या. कंपाउंड धनुष्य व त्याचे बाण महाग असतात. त्यासाठी कुटुंबाला कर्ज काढावे लागले.

जून २०२३ मध्ये कोलंबियातील मेडेयिन येथील विश्वचषक टप्प्याच्या पात्रता फेरीत तिने ७२० पैकी ७११ गुण मिळवून १८ वर्षांखालील जागतिक विक्रम केला. जुलैमध्ये आयर्लंडमधील लिमरिक येथे १८ वर्षांखालील जागतिक विजेतेपदाच्या सामन्यात तिने अमेरिकेच्या लिअन ड्रेक हिचा १४२–१३६ असा पराभव केला. त्यानंतर महिन्याभरातच, वयाच्या १७ व्या वर्षी, ती ज्येष्ठ गटातही जागतिक विजेती झाली.

त्यानंतरची कामगिरी

ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगचौ येथील आशियाई खेळांत वेन्नम, स्वामी व कौर यांच्या संघाने चिनी तैपेईवर २३०–२२९ असा एका गुणाने विजय मिळवून सुवर्णपदक पटकावले. वैयक्तिक प्रकारात ज्योतीने सुवर्ण, तर आदितीने कांस्यपदक मिळवले. २०२४ च्या विश्वचषक मालिकेत याच संघाने शांघाय, येचॉन व अंताल्या या तिन्ही टप्प्यांत सुवर्णपदक जिंकले. आदिती स्वामी व ओजस देवतळे यांना २०२३ चा अर्जुन पुरस्कार देण्यात आला.

ऑलिंपिकमधील स्थान

तिरंदाजी १९७२ पासून सलग ऑलिंपिक कार्यक्रमात आहे. मात्र पॅरिस २०२४ पर्यंत तीत केवळ रिकर्व्ह प्रकाराचा समावेश होता. महिलांच्या रिकर्व्ह सांघिक प्रकारात १९८८ ते २०२४ या काळातील दहाही सुवर्णपदके दक्षिण कोरियाने जिंकली आहेत. भारतास पॅरिस २०२४ पर्यंत तिरंदाजीत एकही ऑलिंपिक पदक मिळालेले नाही. पॅरिस येथे अंकिता भकत व धीरज बोम्मदेवरा यांची रिकर्व्ह मिश्र जोडी चौथ्या स्थानावर राहिली.

ज्या प्रकारात भारतीय महिला जागतिक विजेत्या ठरल्या, तो प्रकार ऑलिंपिकमध्ये नव्हता. त्यामुळे त्यांच्या यशाला ऑलिंपिक पदकाची वाट बंद होती. लॉस एंजेलिस २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये कंपाउंड मिश्र सांघिक प्रकाराचा समावेश करण्याचा निर्णय एप्रिल २०२५ मध्ये झाला. त्यात एक महिला व एक पुरुष अशी जोडी खेळेल. महिला वैयक्तिक कंपाउंड प्रकार मात्र अद्याप ऑलिंपिक कार्यक्रमात नाही. म्हणून या प्रकारातील खेळाडूंसाठी जागतिक अजिंक्यपद हाच सर्वोच्च वैयक्तिक मान आहे.

हेही पहा

तिरंदाजी
जागतिक तिरंदाजी अजिंक्यपद स्पर्धा
ज्योती सुरेखा वेन्नम
ओजस देवतळे
दीपिका कुमारी