स्वस्त का सुटलं?

"दाजी, दोनशे चाळीस!" मेहुणा फोनवर जवळजवळ ओरडलाच. ओहायोतल्या कुठल्याशा गन शोमधून तो नुकताच बाहेर पडला होता. दुसऱ्या महायुद्धातलं स्मिथ अँड वेसनचं रिव्हॉल्व्हर, १९४३च्या सुमाराचं, चालू स्थितीतलं, आणि दोनशे चाळीस डॉलरला. तेवढ्यात धड मोबाइल येत नाही. कराडला असताना या माणसाने कधी दिवाळीत टिकल्याही फोडल्या नव्हत्या. तिकडे जाऊन जुन्या हत्यारांच्या नादी केव्हा लागला, ते त्याच्या बहिणीलाही सांगता येत नाही.

मला रिव्हॉल्व्हरचं फारसं काही नव्हतं. लोक ज्या वस्तूसाठी हातघाईवर येतात असं हाच सांगतो, ती वस्तू इतकी स्वस्त सुटलीच कशी, एवढंच डोक्यात बसलं. म्हणून तो ती तपासून घ्यायला बंदुकीच्या कारागिराकडे निघाला तेव्हा, तिकडे फिरायला आलेला मीही गाडीत बसलो. वाटेत विचारलं, कागदपत्रं काय केलीस? काही नाही. विकणारा व्यापारी नव्हता, आणि त्या राज्यात एका खासगी माणसाने दुसऱ्याला बंदूक विकली तर चौकशी लागत नाही. आपल्याकडे परवाना काढता काढता माणसाचे केस पांढरे होतात, आणि परवाना असला तरी हत्यार विकायचं म्हटलं की पोलिसांना आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. इथे टेबलावर डोनट, शेजारी रिव्हॉल्व्हर.

कारागिराचं दुकान म्हणजे घरामागचं गॅरेज. दार उघडताच वास आला, वखारीत पिकत घातलेल्या केळ्यांसारखा. होप्स नंबर नाइन नावाचं नळी साफ करायचं औषध, १९०३पासून विकलं जातंय. त्या वासाची संगती मला पुढेही लागली नाही. लेथ, शिशाच्या गोळ्या, तेलकट चिंध्या, भिंतीवर सरकारी परवान्याची चौकट, आणि या सगळ्यावर पिकल्या केळ्यांचा घमघमाट.

म्हातारबुवा सत्तरीपुढचे. त्यांनी आधी रिव्हॉल्व्हर नाही, मेहुण्याकडे पाहिलं.

"किती दिलेस?"

"दोनशे चाळीस."

"दोनशे चाळीस," ते म्हणाले, आणि चष्म्यावर दुसरी भिंगं चढवली. "मग बघू या, कुणी काय काय करून ठेवलंय."

मी हात मागे बांधून उभा होतो. पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाने बंदूक बाळगणं, काही अपवाद सोडले तर, तिथे गुन्हा आहे. क्षणभर हातात धरणं त्यात बसतं की नाही, याची परीक्षा घ्यायची मला हौस नव्हती.

सुरुवातीची तपासणी भराभर झाली. सिलिंडर उघडून सगळी घरं रिकामी आहेत हे दोनदा पाहिलं, घोडा सावकाश मागे ओढून प्रत्येक घर वेळेवर नळीसमोर अडकतं का ते ऐकलं, ताणलेल्या घोड्याला अंगठ्याने ढकलून तो निसटत नाही याची खात्री केली, सिलिंडर आणि नळीमधल्या फटीत पोलादी पट्टी सरकवली. "सहा हजारांश इंच. ठीक." मेहुण्याचा चेहरा खुलला. मलाही वाटलं, झालं काम.

मग म्हातारबुवांनी खणातून दोन खोटी काडतुसं काढली. दारू नसलेली, नुसती मापाची. एक आखूड आणि अंगाने किंचित जाड, दुसरं लांब आणि सडपातळ. आखूड काडतूस आत गेलं. त्यांनी ते काढलं आणि लांब वरून नुसतं सोडलं. तेही टक्कन तळाशी जाऊन बसलं. ते काही बोलले नाहीत. पुन्हा काढलं, पुन्हा सोडलं. टक्क. सहाही घरांत तेच.

"हे जायला नको होतं," ते म्हणाले.

गोष्ट अशी. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात युद्धकाळात ही रिव्हॉल्व्हरं लाखांनी झाली. क्रमांकाआधी व्ही अक्षर, म्हणून 'व्हिक्टरी मॉडेल'. अमेरिकेच्या नौदलासाठीची लांब काडतुसाची. ब्रिटन आणि राष्ट्रकुलासाठीची आखूड, जाड काडतुसाची, बहुतेक पाच इंची नळीची. अशी पाच लाखांहून जास्त गेली. युद्ध संपलं आणि ही दुसरी पिलावळ मोडीच्या भावाने परत आली. पण तिचं काडतूस अमेरिकेत फारसं कुणी वापरत नव्हतं. मग व्यापाऱ्यांनी घरं आतून कोरून लांब केली, म्हणजे नेहमीचं .३८ स्पेशल आत मावावं. जाता जाता नळीही कापली, म्हणजे खिशात मावावं. वर निकेलचा झगझगीत मुलामा.

कोरून घर लांब होतं, पण अरुंद होत नाही. काडतुसाची सडपातळ पुंगळी जाड घरात फुगते, कधी चिरते. आणि नळीचं आतलं माप मूळचं, तीन-चार हजारांश इंचाने सैल. गोळी तिच्यातून नीट पकड न घेताच जाते.

म्हातारबुवांचं खरं काम इथून सुरू झालं, आणि मला तेच बघण्यासारखं वाटलं. काही दुरुस्त करायचं नव्हतंच. माणसांनी काय लपवलं ते शोधायचं होतं. मुठीच्या तळाशी दोरी अडकवायच्या कडीचं भोक असायला हवं. तिथे पोलादाची खुंटी ठोकून वरून घासली होती. भिंगाखाली मला ती दाखवली, तरी मला दिसली नाही. त्यांनी नखाने कड दाखवल्यावर दिसली. वरच्या पट्टीवर 'युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी' ही अक्षरं होती, पण पॉलिशच्या चाकाखाली इतकी झिजलेली की 'प्रॉपर्टी' अंदाजानेच वाचायचं. नळीवर ब्रिटिश तपासणी घराचे बारीक शिक्के. त्यात .७६७ हा आकडा, म्हणजे मूळ आखूड पुंगळीची इंचातली लांबी. आकडा अजून तिथेच बसलेला, आणि आतलं घर केव्हाच दुसऱ्या काडतुसाचं झालेलं. पुढची माशी नंतर बसवलेली, केसभर डावीकडे. प्रत्येक ठिकाणी ते एकच शब्द बोलायचे, "कापलं." "घासलं." "भरलं." राग नव्हता आवाजात, पण ते चाकावाले लोक समोर असते तर त्यांना चहा मिळाला नसता.

"असंच एक होतं," ते मधेच म्हणाले, "एकोणतीस पंच्याण्णवचं."

मेहुण्याला माहीत होतं, मला नव्हतं. १९६३च्या सुरुवातीला ली हार्वे ओस्वाल्डने खोट्या नावाने कुपन भरून लॉस एंजेलिसच्या एका दुकानाकडून टपालाने जे रिव्हॉल्व्हर मागवलं, ते याच जातीचं. ब्रिटनसाठी बनलेलं व्हिक्टरी मॉडेल, घरं कोरून .३८ स्पेशल केलेलं, पाच इंची नळी सव्वादोन इंचांवर आणलेली. किंमत २९ डॉलर ९५ सेंट. २२ नोव्हेंबरला अध्यक्ष केनेडींच्या हत्येनंतर तासाभरात त्याने याच रिव्हॉल्व्हरने डॅलसचा पोलीस अधिकारी जे. डी. टिपिट याला मारलं. नळी सैल असल्यामुळे गोळ्यांवर सारखे ओरखडे उठले नाहीत. एफबीआयच्या तज्ज्ञाला त्या गोळ्या याच नळीतून सुटल्या असं ठामपणे सांगता आलं नाही. रिकाम्या पुंगळ्यांनी सांगितलं. टपालाने बंदूक मागवण्याची ही सोय पुढे १९६८च्या कायद्याने बंद केली.

म्हातारबुवांनी हे सगळं मापाची गोष्ट म्हणून सांगितलं. सैल नळी, नाजूक गोळी, ओरखडे. टिपिटचं नाव त्यांनी घेतलं नाही. ते मी नंतर केनेडींच्या हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरेन आयोगाच्या अहवालात वाचलं. या जगातल्या माणसांचं हेच मला पटत नाही. फटीची रुंदी, मुलाम्याचा रंग, शिक्क्याची खोली यावर तासन्‌तास बोलतील, आणि वस्तू कशासाठी बनली तो विषय निघाला की चिंधी उचलून पुसायला लागतील.

अर्थात, त्यांनी एक मृत्यू मात्र आपणहून सांगितला. १९४४च्या अखेरीस एका जहाजाच्या पोलादी डेकवर असंच रिव्हॉल्व्हर घोड्यावर पडलं, उडालं, आणि एक खलाशी गेला. कंपनीने घाईघाईने आत नवा अडसर बसवला, आणि तो असलेल्या रिव्हॉल्व्हरांच्या क्रमांकाआधी व्हीबरोबर एस आला. मेहुण्याच्या क्रमांकात एस नव्हता. "घोड्याखालचं घर कायम रिकामं," म्हातारबुवा पहिल्यांदाच त्याच्याकडे बोट रोखून म्हणाले. "त्यापेक्षा उडवूच नकोस."

मूळ अवस्थेत असतं तर किती? त्यांनी तीन बोटं वर केली, तिप्पट. म्हणजे दोनशे चाळीस हा भाव स्वस्त नव्हताच. कोरणं, कापणं, घासणं, भरणं सगळं वजा करून उरलेला तो बरोबर भाव होता, आणि विकणाऱ्याला तो ठाऊक असणार.

"आता विकलं तर?" मेहुण्याने विचारलं.

"तीनशे येतील. काही न सांगता विकलंस तर."

"आणि सांगून?"

म्हातारबुवांनी पावती फाडली. पस्तीस डॉलर. "तुला सांगितलं होतं का कुणी?"

परतीच्या वाटेवर मेहुण्याने हिशेब केला. दोनशे चाळीस अधिक पस्तीस, दोनशे पंच्याहत्तर. पुढच्या महिन्यात आणखी एक गन शो आहे, तिथे तीनशेला जाईल, पंचवीस सुटतील. सांगणार का, मी विचारलं. विचारलं तर सांगेन, तो म्हणाला. तू विचारलं होतंस?

"त्या गर्दीत कोण विचारतंय, दाजी," तो म्हणाला. "मागे दोघंजण पैसे काढून उभे होते."