गृहीत मूल्यांचे वाचन : लुआ भाषेतील एक प्रश्न

नोंदीतील एखाद्या क्षेत्रास वापरणाऱ्याने मूल्य दिले नाही, तर त्याच्या जागी जे मूल्य धरले जाते त्यास गृहीत मूल्य म्हणतात. आज्ञावलीने चालू असतानाच स्वतःच्या घटकांची रचना तपासून पाहणे यास परावर्तन अशी संज्ञा आहे. या दोहोंच्या संयोगातून एक प्रश्न उद्भवतो : क्षेत्रात आढळणारे मूल्य वापरणाऱ्याने दिलेले आहे की गृहीत आहे, हे परावर्तनाने ओळखता येते काय ? अन्य आज्ञावलीच्या पोटात राहून चालणाऱ्या लुआ या भाषेच्या आधारे त्याचा विचार करणे उद्बोधक ठरते.

लुआ ही भाषा १९९३ साली रिओ द जानेरो येथील कॅथलिक विद्यापीठात रोबेर्तो येरुसालिम्स्की, लुईझ एन्रिके द फिगेइरेदो आणि वाल्देमार सेलेस यांनी घडविली. तिची पूर्वज 'सोल' ही भाषा पेट्रोब्रास या तेल कंपनीच्या, भूस्तरांचे आलेख काढणाऱ्या आज्ञावलीकरिता योजिली होती. सोलमध्ये प्रकाराच्या घोषणेतच क्षेत्राचे गृहीत मूल्य लिहिता येई. लुआने अशा घोषणांचा त्याग करून सारणी ही एकच रचना स्वीकारली. त्यामुळे गृहीत मूल्य कोठे ठेवावे, याचा निर्णय आज्ञावली लिहिणाऱ्याकडे आला. आणि ते कोठे ठेवले यावरच ते वाचता येईल की नाही हे अवलंबून राहिले.

उदाहरणार्थ, आलेखातील एका रेषेचा रंग वापरणाऱ्याने दिला आहे. जाडी दिलेली नाही, तिचे गृहीत मूल्य २ आहे. येथे तीन मार्ग संभवतात.

पहिला मार्ग म्हणजे सारणी तयार होतानाच जाडीच्या जागी २ भरणे. मग 'पेअर्स' या फलनाने सारणी चाळली असता दोन्ही क्षेत्रे दिसतात. परंतु त्यांपैकी कोणते कोणी भरले, याची खूण उरत नाही.

दुसरा मार्ग २००३ सालच्या ५.० या आवृत्तीने आणलेल्या मेटाटेबलचा. त्यातील 'इंडेक्स' या क्षेत्रात गृहीत मूल्यांची वेगळी सारणी ठेवली, की साध्या वाचनास २ हेच उत्तर मिळते. 'रॉगेट' मात्र मूळ सारणीपुरतेच पाहत असल्याने 'निल' देते. या दोन उत्तरांतील भेद हाच गृहीतपणाचा पुरावा होय. 'पेअर्स'लाही सामान्यतः केवळ रंगच दिसतो.

तिसऱ्या मार्गात 'इंडेक्स'मध्ये सारणीऐवजी फलन असते. तेव्हा क्षेत्राचे नाव विचारल्यावाचून मूल्य अस्तित्वातच येत नाही. सर्व गृहीत मूल्यांची यादी परावर्तनाने मिळविणे शक्य राहत नाही.

हा भेद सी भाषेतील यजमान आज्ञावलीसही लागू आहे. तेथील 'लुआ-गेटफील्ड' मेटाटेबलचा मान राखते, तर 'लुआ-नेक्स्ट' तो राखत नाही. तेव्हा एका फलनाने वाचलेले आणि दुसऱ्याने साठविलेले वर्णन एकच असेल, असे मानता येत नाही.

या प्रश्नाचे महत्त्व वर्णन साठवून ठेवताना प्रत्ययास येते. पुढील आवृत्तीत जाडीचे गृहीत मूल्य ३ झाले, असे समजू. पहिल्या मार्गाने साठविलेल्या वर्णनात २ हा आकडा वापरणाऱ्याची जणू निवडच म्हणून कायम राहतो. दुसऱ्या मार्गात दिलेली क्षेत्रे तेवढी साठविली, तर जुना आलेख नव्या जाडीने उमटतो आणि त्याची सूचना कोणासही मिळत नाही. पहिल्यात हेतू हरवतो, दुसऱ्यात परिणाम. जाडीऐवजी ते क्षेत्र एखाद्या गणिताच्या अचूकतेची मर्यादा असेल, तर प्रसिद्ध झालेला निष्कर्ष पुन्हा पडताळता येणार नाही.

तात्पर्य, संशोधनासाठी वर्णन साठविताना वापरणाऱ्याने दिलेली मूल्ये आणि त्या वेळची गृहीत मूल्ये स्वतंत्रपणे, आवृत्तीच्या क्रमांकासह नोंदविणे इष्ट होय. परावर्तन जेवढे रचनेत ठेवले आहे तेवढेच दाखविते. जो भेद रचनेत राखलेला नाही, तो वाचनाने निर्माण होत नाही.