कामाच्या ताणातील ख्रिस्ती प्रार्थना : स्वरूप आणि मर्यादा

'प्रार्थना' हा शब्द कानी पडताच आपल्या बहुतेक वाचकांच्या मनात याचनेचे चित्र उभे राहते. माणूस हात जोडून काही मागत आहे आणि कोणी अदृश्य शक्ती ते देणार आहे, असे ते चित्र होय. अशा याचनेला तथागतांच्या धम्मात स्थान नाही, हे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. त्याविषयी आमच्या मनात किंतु नाही. परंतु एखादी गोष्ट आपण स्वीकारत नाही म्हणून ती नीट समजून घेण्याची जबाबदारी टळत नाही.

हा विषय आम्हाला एका साध्या प्रसंगाने सुचला. आप्ताच्या आजारपणामुळे आम्हाला एका रुग्णालयात काही रात्री काढाव्या लागल्या. तीस खाटांच्या त्या कक्षात रात्रपाळीला दोनच परिचारिका असत. त्यांपैकी एक ख्रिस्ती भगिनी औषधांची गाडी पुढे ढकलण्यापूर्वी क्षणभर डोळे मिटून उभी राहत असे. एके दिवशी पहाटे आम्ही विचारले, "सिस्टर, आपण त्या वेळी काय मागता?" ती म्हणाली, "मागायला वेळ कुठे असतो, सर? पुढच्या पेशंटवर चिडायचं नाही, एवढी आठवण करते देवासमोर." आमच्या प्रश्नातच 'मागणे' गृहीत धरलेले होते, हे त्या उत्तराने आमच्या लक्षात आणून दिले. प्रस्तुत लेखात या लहानशा कृतीमागील परंपरा पाहावयाची आहे.

श्रमातून जन्मलेली प्रार्थना

ख्रिस्ती धर्मात प्रार्थनेचे अनेक प्रकार आहेत. रविवारची सामुदायिक उपासना, ठरावीक शब्दांची 'प्रभूची प्रार्थना', 'स्तोत्रसंहिते'तील स्तोत्रांचे पठण हे प्रकार सर्वपरिचित आहेत. यांशिवाय, काम चालू असताना मनातल्या मनात करावयाची अत्यंत लहान प्रार्थना हाही एक प्राचीन प्रकार आहे. प्रार्थनेत खंड पडू देऊ नये, असा उपदेश पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीला पहिल्या शतकात पत्रातून केला. पौल हा स्वतः तंबू बनविण्याचा व्यवसाय करणारा मनुष्य होता. हातात काम असताना अखंड प्रार्थना कशी करावी, हा प्रश्न पुढील पिढ्यांपुढे साहजिकच उभा राहिला.

त्याचे एक उत्तर इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांनी दिले. हे लोक दोर वळून, चटया व टोपल्या विणून आपला निर्वाह करीत. त्यांच्यातील अग्रणी अँथनी यांची एक कथा प्रसिद्ध आहे. मन उदास होऊन काही सुचेनासे झाले असता त्यांना आपल्यासारखीच एक आकृती दिसली. ती बसून दोर वळी, मग उठून प्रार्थना करी आणि पुन्हा दोर वळू लागे. काम व प्रार्थना यांची ही आलटून पालटून केलेली गुंफण हाच उदासीनतेवरील उपाय होय, असा बोध त्यांनी घेतला. या तपस्व्यांच्या प्रार्थना फार लहान, पण वरचेवर केलेल्या आणि जणू फेकलेल्या भाल्यासारख्या झटकन सुटणाऱ्या असतात, असे संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकाच्या आरंभी प्रोबा नावाच्या स्त्रीला लिहिलेल्या पत्रात नोंदविले आहे. लांब प्रार्थनेत लक्ष बोथट होते, म्हणून ती लहान असावी, हे त्यामागील कारणही त्यांनी दिले आहे. त्याच सुमारास जॉन कॅशियन यांनी सत्तराव्या स्तोत्रातील साहाय्याची एकच हाक प्रत्येक कामात, सुखात व संकटात मनाशी घोळवावी, असा अभ्यास सांगितला.

आजचा ख्रिस्ती कारकून दूरध्वनी उचलण्यापूर्वी, शिक्षिका वर्गात शिरण्यापूर्वी किंवा वाहनचालक गाडी सुरू करण्यापूर्वी मनाशी एखादे वाक्य उच्चारतो, तेव्हा तो या परंपरेचा वारस असतो.

घंटा, स्वयंपाकघर आणि दुपारचे आत्मपरीक्षण

सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियम घालून दिले. त्यांत दिवसाचे प्रार्थनेचे, श्रमाचे व वाचनाचे तास वाटून दिलेले आहेत. घंटा वाजताच हातातील काम टाकून उठावे, असा दंडक आहे. परंतु जो दूरच्या शेतावर कामाला गेला असेल, त्याने तेथेच गुडघे टेकून प्रार्थना करावी, अशी मुभाही आहे. मठातील भांडीकुंडी व अवजारे वेदीवरील पवित्र पात्रांइतकीच जपावीत, असेही हा नियम सांगतो. याचा आशय असा की, पवित्र जागा एकीकडे आणि कामाची जागा दुसरीकडे, असा भेद शेवटी टिकत नाही.

सर्वसामान्य कष्टकऱ्यांपर्यंत ही कल्पना मुख्यतः 'एंजलस'च्या घंटेने पोहोचली. सकाळी, दुपारी व सायंकाळी चर्चची घंटा वाजली की कॅथलिक माणसाने काम थांबवून मरियेला मिळालेल्या देवदूताच्या निरोपाचे स्मरण करावयाचे असते. फ्रेंच चित्रकार मिले यांच्या एकोणिसाव्या शतकातील प्रसिद्ध चित्रात बटाट्याच्या शेतात माना लववून उभे असलेले शेतकरी दांपत्य याच क्षणाचे आहे.

पॅरिसच्या एका कार्मेल मठातील ब्रदर लॉरेन्स यांचे उदाहरण तर आपल्या विषयाच्या अगदी केंद्रस्थानी आहे. त्यांचे मूळ नाव निकोला एर्मां. ते लढाईत जखमी झालेले सैनिक होते. १६४० साली ते मठात आले, पण पाद्री म्हणून नव्हे, तर अंगमेहनत करणारा बंधू म्हणून. वर्षानुवर्षे त्यांच्याकडे स्वयंपाकघर होते आणि त्या कामाची त्यांना उपजत नावड होती. चहूकडून माणसे एकाच वेळी निरनिराळ्या वस्तू मागत असतानाही आपले चित्त गुडघे टेकून केलेल्या उपासनेइतकेच शांत असते, असे ते सांगत. ईश्वर आपल्याजवळ आहे ही जाणीव ठेवणे, ती सुटली की स्वतःला दोष देत न बसता पुन्हा तिच्याकडे वळणे, एवढाच त्यांचा अभ्यास होता. १६९१ मध्ये त्यांच्या निधनानंतर त्यांची पत्रे व संभाषणे प्रसिद्ध झाली आणि ती कॅथलिक व प्रॉटेस्टंट या दोन्ही पंथांत वाचली जातात.

याहून निराळी पद्धत येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी रूढ केली. 'ख्रिस्तपुराण' हा मराठी ग्रंथ १६१६ साली प्रसिद्ध करणारे फादर स्टीफन्स हे याच संघाचे होते, हे वाचकांना स्मरत असेल. या पद्धतीत दुपारी व रात्री स्वतःच्या आचरणाची तपासणी करावयाची असते. तिच्या पायऱ्या पाच आहेत : कृतज्ञता, स्वतःचे दोष दिसावेत अशी विनंती, गेल्या काही तासांचा क्रमवार आढावा, चुकांबद्दल क्षमायाचना आणि सुधारण्याचा निश्चय. सकाळी कोणावर ओरडलो, कोणाचे काम उगाच अडवून ठेवले, हे दुपारी आठवले तर संध्याकाळपूर्वी ते दुरुस्त करता येते. प्रार्थनेचा हेतू येथे थेट आचरणाशी जोडलेला आहे.

साम्य आणि भेद

पालि साहित्याच्या अभ्यासकाला हे वाचताना 'सति' व 'सम्पजञ्ञ' या संज्ञा आठवल्यावाचून राहत नाहीत. सतिपट्ठान सुत्तात चालताना, वळताना, खाता-पिताना, बोलताना व मौन पाळताना जागरूक राहण्यास सांगितले आहे. काम न सोडता चित्ताला वारंवार परत आणणे, एवढे साम्य खरे आहे. परंतु तेवढ्यावरून दोन्ही एकच आहेत असे म्हणणे हा दोन्ही परंपरांवर अन्याय होईल. ख्रिस्ती माणूस क्षणभर थांबतो तो ऐकणाऱ्या, प्रेम करणाऱ्या व क्षमा करणाऱ्या ईश्वरासमोर. हा संबंध वगळला तर उरते ती केवळ विश्रांती. प्रार्थना उरत नाही. उलट सतिपट्ठानात साधक कोणाला हाक मारीत नाही. तो काया, वेदना, चित्त व धम्म यांचे यथार्थ निरीक्षण करतो. पैलतीराला हाका मारल्याने तो अलीकडे येत नाही, हा तेविज्ज सुत्तातील दृष्टान्त वाचकांना ठाऊक आहे.

मात्र त्या दृष्टान्ताचा रोख हाका मारून स्वस्थ बसण्यावर आहे. ख्रिस्ती परंपरेतही या स्वस्थ बसण्याचा निषेध आहे. वेदीवर दान आणले असता भावाच्या मनात आपल्याविषयी काही सल असल्याचे आठवले, तर दान तेथेच ठेवून आधी समेट करावा, असे येशू ख्रिस्ताने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे.

प्रार्थनेच्या आवाक्याबाहेरचे

आता त्या तीस खाटांच्या कक्षाकडे पुन्हा वळू. त्या परिचारिकेच्या क्षणभराच्या स्मरणाने तिचा शब्द मृदू राहत होता आणि त्याचा लाभ आमच्या आप्तालाही झाला. परंतु तिच्या ताणाचे कारण तिच्या मनात नव्हते. तिसरी परिचारिका नेमलेली नव्हती, हे ते कारण होते. मालक किंवा अधिकारी 'प्रार्थना करा, सहन करा' असे सांगू लागला, तर प्रार्थना शोषणाच्या कामी येते. हा धोका ध्यानालाही तितकाच आहे, हे आपणही ध्यानात ठेवावे.

या धोक्याचे भान खुद्द ख्रिस्ती परंपरेत आहे. बेनेडिक्ट यांच्या नियमात आठवड्याच्या पाळीने स्वयंपाकघरात राबणाऱ्या बंधूंसाठी इतरांनी प्रार्थना करावी असे आहे. पण तेवढ्यावर नियम थांबत नाही. दुबळ्यांना मदतनीस द्यावेत आणि कुरकुर व अतिश्रम न होता सर्वांना वाढता यावे म्हणून पाळीवरच्या बंधूंना जेवणाच्या तासभर आधी जादा भाकरी व पेय द्यावे, असेही त्यात आहे. विसाव्या शतकात बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांनी १९२५ साली तरुण ख्रिस्ती कामगारांची चळवळ संघटित केली. कामाच्या ठिकाणची परिस्थिती पाहा, ती पारखा आणि कृती करा, ही तिची त्रिसूत्री होती. १९६१ साली पोप तेविसावे जॉन यांनी 'मातेर एत माजिस्त्रा' या परिपत्रकात तिला मान्यता दिली.

सारांश, कामाच्या ताणातील ख्रिस्ती प्रार्थना ही तिच्या उत्तम रूपात कामापासून पळवाट नाही आणि केवळ याचनाही नाही. ईश्वराच्या स्मरणाने पुढच्या माणसाशी नीट वागण्याची ती तयारी आहे. आपला मार्ग ईश्वरावर आधारलेला नाही. तो भेद झाकण्याचे कारण नाही. परंतु शेजारच्या टेबलावरील ख्रिस्ती सहकारी क्षणभर डोळे मिटून बसला, तर त्याला अंधश्रद्धाळू ठरवून मोकळे होऊ नये. त्याला तो क्षण मिळू द्यावा, आणि तिसऱ्या परिचारिकेच्या नेमणुकीसाठी अर्ज करावयाचा असेल तेव्हा त्याच्या सहीशेजारी आपलीही सही करावी.