समुद्र अंगणात शिरला, तरी माणूस निर्वासित ठरत नाही

तुवालू हा प्रशांत महासागरातील नऊ बेटांचा चिमुकला देश. तेथील भूमी समुद्रसपाटीपासून सरासरी जेमतेम दोन मीटर उंच. तेथील एक जोडपे २००७ साली न्यूझीलंडला आले. यथावकाश त्यांना दोन मुले झाली. पुढे हद्दपारीची वेळ आली, तेव्हा त्यांनी न्यायाधिकरणाकडे दाद मागितली आणि २०१४ साली त्यांना तेथे राहण्याची अनुमती मिळाली. 'जगातील पहिले हवामान-निर्वासित' असे मथळे तेव्हा झळकले. आमच्या मते ते घाईचे होते.

निर्वासित म्हणून त्यांचा दावा फेटाळलाच गेला होता. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांवरून ज्याला छळाची सार्थ भीती आहे, तोच निर्वासित होय. समुद्र असा भेदभाव करीत नाही, सर्वांच्याच घरात शिरतो!

न्यूझीलंडच्या २००९ च्या कायद्यात मात्र दुसरे एक दार आहे. अपवादात्मक मानवतावादी परिस्थितीमुळे हद्दपारी अन्यायाची वा अतिकठोर ठरणार असेल आणि संबंधितांचे राहणे लोकहितास बाधक नसेल, तर त्यांना राहू देता येते. येथे छळ सिद्ध करावा लागत नाही. माणसाचे सारे जीवन विचारात घेतले जाते. हवामानबदलाचे दुष्परिणाम अशा परिस्थितीत मोडू शकतात, हे न्यायाधिकरणाने मान्य केले, परंतु पारडे झुकले ते नात्यांमुळे. पतीची आई व बहिणी न्यूझीलंडमध्येच स्थायिक होत्या आणि मुले लहान होती. मग ज्याचे तेथे कोणीच नाही, त्याने काय करावे?

किरिबाती या बेट-राष्ट्रातील एका गृहस्थाने निर्वासिताचा दर्जा मागितला होता. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊनही तो मिळाला नाही आणि २०१५ साली त्यांची पाठवणी झाली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेही त्यांच्याविरुद्धच मत दिले. मात्र जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच निर्णयात, हवामानबदलामुळे जिवाला धोका असलेल्या ठिकाणी माणसाला परत धाडणे हा यापुढे जीविताच्या हक्काचा भंग ठरू शकतो, असे समितीने नमूद केले.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या २०१५ च्या परिपत्रकात कायद्यातील या उणिवेकडेच लक्ष वेधले होते. ती अद्याप भरून निघालेली नाही. ऑस्ट्रेलियाने २०२३ साली तुवालूशी केलेल्या करारान्वये मात्र वर्षाला २८० तुवालूवासीयांना तेथे स्थायिक होता येते, तेही निर्वासित असल्याचे सिद्ध न करता.